समुद्रावरचा गुरखा

दिवाळी जवळ आली की पोस्त मागणारी मंडळी दाराशी येऊ लागतात. पोस्टमन येतो, दूधवाला येतो, जिने झाडणारी बाई येते आणि सर्वांत शेवटी, जरा संकोचानेच, येतो तो आळीतला गुरखा. वर्षभरात आपण त्याचे तोंड क्वचितच पाहिलेले असते. रात्री दोनच्या सुमारास काठीचा आवाज आणि पाठोपाठ शिट्टी ऐकू येते. आपण कुशीवर वळतो, 'आहे बुवा जागा!' असे मनाशी म्हणतो आणि पुन्हा घोरू लागतो. त्याच्या जागेपणावर आपली झोप उभी असते, हे आपल्याला वर्षातून एकदाच, आणि तेही त्याने हात पुढे केल्यावर आठवते. या गुरख्याच्या कमरेला पूर्वी एक बाकदार सुरा असायचा. त्या सुऱ्याचे नाव खुकरी.

वाचकहो, याच नावाची एक युद्धनौका आपल्या आरमारात होती. बत्तीस वर्षे तिने समुद्रावर गस्त घातली. पण पोस्त मागायला ती कुणाच्या दाराशी आली नाही. एरवी या सदरात आपण घरातल्या आणि दारातल्या गोष्टी बोलतो. दिवाळी अंकाचे पान जरा ऐसपैस असते, म्हणून आज थोडे दूर, किनाऱ्यापलीकडे जाऊ.

'खुकरी' ही कॉर्व्हेट जातीची नौका. शब्द फ्रेंच आहे, पण कल्पना आपल्याला नवी नाही. आंग्र्यांच्या आरमारात गुराबा असत आणि गलबते असत. गुराब मोठी, भारदस्त. गलबत लहान, चपळ, उथळ पाण्यात शिरणारे. आजच्या आरमारातही अशीच उतरंड आहे. सर्वांत वर विमाने वाहून नेणारी अवाढव्य नौका, मग विनाशिका, मग फ्रिगेट आणि त्यांच्या खालच्या पायरीवर कॉर्व्हेट. लग्नाच्या पंगतीत वरपक्षाचे आगतस्वागत थोरली मंडळी करतात, पण वाढप्याचे काम धाकट्यांच्या अंगावर पडते, त्यातलाच हा प्रकार. किनाऱ्यालगत गस्त घालणे, मोठ्या नौकांच्या सोबतीला जाणे, तेलविहिरींवर डोळा ठेवणे, वेळ आली तर शत्रूच्या जहाजावर पहिला घाव घालणे, ही सारी कामे धाकटीची.

खुकरी जातीच्या चार नौका बांधल्या गेल्या: खुकरी, कुठार, कृपाण आणि खंजर. चारही नावे शस्त्रांची. पहिल्या दोन मुंबईच्या माझगाव गोदीत जन्मल्या, पुढच्या दोन कलकत्त्याच्या गार्डन रीच गोदीत. लांबी सुमारे ९१ मीटर, म्हणजे मुंबईच्या लोकलचे चार डबे आणि वर थोडे. रुंदी साडेदहा मीटर. वजन चौदाशे टनांच्या आसपास. एवढ्या जागेत बारा अधिकारी आणि शंभर खलाशी राहायचे, जेवायचे, झोपायचे आणि तोफा-क्षेपणास्त्रेही तिथेच. आपल्या चाळीच्या खोल्या अरुंद म्हणून कुरकुर करणाऱ्यांनी हा हिशेब मनात ठेवावा. शिवाय आपली चाळ पावसाळ्यात डावीउजवीकडे कलत नाही.

या नौकांच्या पोटात जी डिझेल इंजिने बसवली, त्यांचा आराखडा फ्रान्समधल्या पीलस्टिकचा. पण ती परवान्याखाली इथे उभी केली किर्लोस्करांनी. किर्लोस्करांचे नाव मराठी माणसाला काय सांगायचे? आधी नांगर, मग विहिरीवरचे इंजिन. ज्या नावाने देशावरच्या मळ्यांना पाणी पाजले, तेच नाव पुढे खाऱ्या पाण्यावरही गेले, हे वाचून आमच्याप्रमाणे तुम्हालाही बरे वाटेल.

आता मुद्द्याची गोष्ट. खुकरी हे नाव या नौकेला सुऱ्यावरून मिळाले, असे म्हटले तर ते अर्धेच खरे. तिला ते मिळाले आपल्याच थोरल्या बहिणीवरून, आणि ती थोरली बहीण समुद्राच्या तळाशी आहे.

पहिली 'खुकरी' ब्रिटनमध्ये बांधलेली फ्रिगेट. १९५८ साली ती आपल्या आरमारात आली. तिच्या सोबतच्या दोघींची नावेही कृपाण आणि कुठार हीच. या तिघी खास पाणबुड्यांच्या शिकारीसाठी बांधलेल्या होत्या. १९७१ च्या डिसेंबरात युद्ध पेटले आणि काठेवाडच्या किनाऱ्यापुढे शत्रूची पाणबुडी वावरत असल्याचा सुगावा लागला. कुठार बिघाडामुळे मागे राहिली. खुकरी आणि कृपाण शिकारीला निघाल्या. पथकाचे प्रमुख होते खुकरीचे कप्तान महेंद्रनाथ मुल्ला, गोरखपुरात जन्मलेले, पंचेचाळिशीचे गृहस्थ.

पाणबुडी शोधायची म्हणजे पाहायचे नसते, ऐकायचे असते. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने, सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर धावतो. नौकेच्या तळाशी असलेले सोनार नावाचे यंत्र पाण्यात आवाज सोडते आणि त्याचा पडसाद कुठून येतो ते टिपते. पण गंमत अशी की, समुद्राचे वरचे पाणी ऊबदार आणि खालचे थंड असते. या दोन थरांच्या सीमेवर आवाज वाकतो आणि त्या पडद्याआड पाणबुडी सुखाने दडून बसू शकते. शिवाय स्वतःच्या इंजिनाचा आणि पंख्याचा गोंगाट असतोच. रात्री स्वयंपाकघरात उंदीर खुडबुडला की आपण श्वास रोखून उभे राहतो ना? नौकेलाही नीट ऐकायचे तर वेग कमी करावा लागतो. आणि वेग कमी केला की तीच सोपे लक्ष्य होते. खुकरीचे सोनार जुन्या बेताचे होते; तिच्या कानांना जितके दूरचे ऐकू येई, त्याहून कितीतरी दूरचे समोरच्या पाणबुडीला ऐकू येत होते.

९ डिसेंबर १९७१. रात्रीचे पावणेनऊ होऊन गेले होते. दीवच्या किनाऱ्यापासून सुमारे चाळीस सागरी मैलांवर खुकरी संथ गतीने चालली होती. 'हंगोर' या पाकिस्तानी पाणबुडीने पहिला टॉर्पेडो कृपाणवर सोडला, तो वाया गेला. दुसरा खुकरीला लागला. काही मिनिटांतच नौका पाण्याखाली गेली. अठरा अधिकारी आणि १७६ खलाशी, एकूण १९४ माणसे गेली. सहा अधिकारी आणि ६१ खलाशी वाचले. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने बुडवलेली ही पहिली युद्धनौका. शिकारीलाच निघालेली नौका शिकार झाली होती.

नौका कलत असताना कप्तान मुल्ला शांतपणे माणसांना बाहेर काढीत राहिले. स्वतःचे जीवरक्षक साधन त्यांनी एका खलाशाला देऊन टाकले आणि आपण नौकेबरोबर गेले. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळाले. कप्तानाने नौकेबरोबरच बुडावे असा काही कायदा नाही. तो ज्याचा त्याने करायचा असतो. घरातला कर्ता माणूस सगळ्यांची पाने वाढून झाल्याखेरीज पाटावर बसत नाही, तो कुठल्या कायद्याने?

जवळजवळ अठरा वर्षांनी, २३ ऑगस्ट १९८९ रोजी, मुंबईत नव्या खुकरीवर आरमाराचा ध्वज चढला. संरक्षणमंत्री कृष्णचंद्र पंत त्या समारंभाला होते आणि त्यांच्याबरोबर होत्या कप्तान मुल्लांच्या पत्नी. ज्या नावाने आपले कुंकू नेले, तेच नाव पुन्हा पाण्यावर उभे राहिलेले त्यांनी पाहिले. त्या क्षणी त्यांना काय वाटले असेल याची कल्पना करण्याचा अधिकार आम्हाला नाही. पण आपल्याकडे आजोबांचे नाव नातवाला ठेवतात, ते का ठेवतात, हे अशा वेळी उमजते. गेलेल्या माणसाचे नाव घरात पुन्हा हाक मारण्याजोगे व्हावे, एवढीच त्यात इच्छा असते.

गंमत पाहा, नवी खुकरी आकाराने जवळजवळ जुनीएवढीच होती. पण जुनीवर जिथे पाणबुडीसाठीची आयुधे होती, तिथे नवीवर चार क्षेपणास्त्रे बसली. शिवाय पुढे ७६ मिलिमीटरची एक तोफ, विमानांवर मारा करणाऱ्या ३० मिलिमीटरच्या दोन जलद तोफा आणि मागे हेलिकॉप्टर उतरण्यापुरती जागा. ही क्षेपणास्त्रे रशियन घराण्यातली, ज्या घराण्यातल्या क्षेपणास्त्रांनी ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री आपल्या छोट्या क्षेपणास्त्र-बोटींनी कराची हादरवली होती. तो दिवस आपण आजही नौदल दिन म्हणून साजरा करतो, आणि करावाच.

मात्र पाणबुडीवर टाकायचा टॉर्पेडो नव्या खुकरीवर नव्हता, रॉकेटे नव्हती. पाणबुडी शोधून मारणे हे तिचे कामच नव्हते.

हे वाचून आम्ही थोडा वेळ पेन खाली ठेवले. १९७१ च्या त्या एका आठवड्यात आरमाराला दोन धडे मिळाले होते. एक चार तारखेचा, जिंकण्याचा: लहान नौकेवर मोठे अस्त्र बसवले की ती मोठ्यांना भारी पडते. दुसरा नऊ तारखेचा, हरण्याचा: कान तीक्ष्ण नसतील तर शौर्य पुरे पडत नाही. बुडालेल्या नौकेचे नाव धारण करणाऱ्या या नौकेत चार तारखेचा धडा पुरेपूर उतरला होता. नऊ तारखेचा धडा तिच्या वाट्याला आला नव्हता.

यात कुणाला दोष द्यावा असा आमचा हेतू नाही. आरमार म्हणजे एकत्र कुटुंब. प्रत्येकाला प्रत्येक काम येत नसते. पाणबुड्यांच्या मागे लागायला तेव्हा रशियन बनावटीच्या जुन्या नौका होत्या, मोठ्या फ्रिगेटी होत्या, हेलिकॉप्टरे होती आणि त्याच सुमारास दाखल झालेल्या अभय जातीच्या चिमुकल्या नौकाही होत्या. खुकरीच्या मागून आलेल्या कोरा जातीच्या चार नौकांचाही भर क्षेपणास्त्रांवरच होता. पण जुन्या पाणबुडीशिकारी नौका एकेक करून निवृत्त होत गेल्या आणि त्यांची जागा घेणारी, इथेच आखलेली आणि इथेच बांधलेली कॉर्व्हेट पुष्कळ वर्षे येईना.

ती आली २३ ऑगस्ट २०१४ रोजी. तारीख पुन्हा वाचा. खुकरीवर ध्वज चढला त्याला त्या दिवशी बरोबर पंचवीस वर्षे झाली होती. विशाखापट्टणमला दाखल झालेल्या या नौकेचे नाव 'कामोर्ता', निकोबारमधल्या एका बेटावरून ठेवलेले. तिच्या पाठच्या तिघी कदमत, किल्तान आणि कवरत्ती या लक्षद्वीपच्या बेटांच्या नावाच्या. त्या २०१६, २०१७ आणि २०२० साली आल्या. लांबी १०९ मीटर, वजन तीन हजार टनांच्या वर. कॉर्व्हेट म्हणायची खरी, पण जुनी खुकरी जी फ्रिगेट म्हणवत होती, तिच्या दुप्पट. आराखडा आरमाराच्या स्वतःच्या कचेरीतला, बांधणी गार्डन रीच गोदीतली, पोलादही आपल्याच कारखान्यांतले. आणि मुख्य म्हणजे ती मुद्दाम हळू आवाजात चालावी म्हणून यंत्रे अशा बैठकींवर बसवली आहेत की, त्यांची थरथर पाण्यात कमीत कमी उतरावी. तळाशी सोनार आहे, टॉर्पेडो आहेत, रॉकेटे आहेत, वर हेलिकॉप्टर आहे. थोडक्यात सांगायचे तर, आधी ऐकायचे आणि आपला आवाज समोरच्याला ऐकू द्यायचा नाही, यासाठीच ती जन्मली. नऊ तारखेचा धडा या घराण्यात उतरायला बेचाळीस वर्षे उलटून गेली.

माणसाचे असेच असते. पोराला गणितात पैकीच्या पैकी मिळाले तर ती गुणपत्रिका आपण दिवाणखान्यात सगळ्यांना दाखवतो. ज्या विषयात तो गटांगळी खातो, त्याची गुणपत्रिका उशीखाली जाते. विजयाचा धडा लगेच पाठ होतो, कारण तो पुन्हा पुन्हा म्हणायला आवडतो. पराभवाचा धडा म्हणायचा तर प्रत्येक वेळी घशात काहीतरी अडकते. गेलेल्यांचे नाव पुढे चालवायला मोठे मन लागते. पण ते का गेले, हे शेवटपर्यंत विचारायला त्याहून मोठे मन लागते. राष्ट्राचे काय आणि घराचे काय, नाव ठेवून काम अर्धेच होते.

असो. यावरून नव्या खुकरीचे मोल कमी होत नाही. तिला जे काम नेमून दिले होते, ते तिने कसे केले याचा हिशेब उपलब्ध आहे आणि तो गृहिणीच्या जमाखर्चाच्या वहीइतका चोख आहे. बत्तीस वर्षांत तिच्यावर एकूण अठ्ठावीस कप्तान येऊन गेले. ती एकंदर ६,४४,८९७ सागरी मैल चालली. पृथ्वीला तीस प्रदक्षिणा घालाव्यात तेवढे हे अंतर. आम्ही कागदपेन्सिल घेऊन भागाकार केला. गोदीत दुरुस्तीला पडून राहिलेले दिवस धरूनसुद्धा रोजचे सरासरी पंचावन्न मैल पडतात, म्हणजे शंभर किलोमीटर. रविवार नाही, दिवाळी नाही, रक्षाबंधन नाही. या काळात तिने पश्चिमेच्या ताफ्यात काम केले आणि पूर्वेच्याही. आणि या सगळ्या मैलांत तुमच्याआमच्या वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर यावे असे फारसे काही घडले नाही. गस्तीचे यश हेच. गुरख्याची काठी वाजते आणि चोर दुसऱ्या आळीला जातो, त्या न झालेल्या चोरीची बातमी कोण छापणार?

२३ डिसेंबर २०२१ रोजी विशाखापट्टणमला खुकरीचा ध्वज उतरला. जुनी झालेली युद्धनौका बहुधा भंगारात जाते; कापणारे तिचे पोलाद तोलून घेतात आणि नाव तेवढे कागदावर राहते. खुकरीचे नशीब निराळे. २०२२ च्या जानेवारीत ती दीवच्या प्रशासनाच्या स्वाधीन झाली, संग्रहालय म्हणून. ज्या किनाऱ्यासमोर थोरली बुडाली, त्याच किनाऱ्याला धाकटी विसावली. दीवमध्ये समुद्राकाठच्या एका टेकाडावर जुन्या खुकरीची छोटी प्रतिकृती काचेच्या पेटीत ठेवलेली आहे. तिचे तोंड समुद्राकडे आहे. आणि तिला बुडवणारी हंगोर? तीही संग्रहालयातच आहे, कराचीत. एकमेकींचा माग काढणाऱ्यांच्या वाट्याला अखेर सारखेच काम आले, शाळेच्या मुलांना आपल्या पोटातून हिंडवण्याचे.

बहिणींपैकी कृपाणची कथा आणखीच वेगळी. १९९१ च्या जानेवारीत आलेली ही नौका बत्तीस वर्षे राबली आणि मग भारताने ती व्हिएतनामला भेट दिली, शस्त्रास्त्रांसकट, चालत्या स्थितीत. २०२३ च्या जूनअखेर ती विशाखापट्टणमहून निघाली, ८ जुलैला काम रान्ह बंदरात पोचली आणि २२ जुलैला तिच्यावरचा आपला ध्वज उतरवून ती यजमानांच्या हवाली करण्यात आली. चालू स्थितीतली कॉर्व्हेट मित्रदेशाला देण्याची आपली ही पहिलीच वेळ. मुलगी सासरी जाते तेव्हा तिचे नाव बदलते, गोत्र बदलते, पण हाताला लागलेली कामाची सवय बदलत नाही. नौकेचेही तसेच असावे.

या सुट्टीत वाचकांपैकी कुणी सौराष्ट्राकडे निघाले असतील. सोमनाथ होईल, गीरचे सिंह होतील आणि दोन दिवस दीवचेही ठरलेले असतील. तिथे मुलांना नव्या खुकरीवर जरूर न्यावे. मुले तोफेपाशी उभी राहून फोटो काढतील, काढू द्यावेत. क्षेपणास्त्रे केवढी होती ते विचारतील, सांगावे. पण मग त्यांना नौकेच्या मागच्या टोकाशी न्यावे, समुद्राकडे बोट करावे आणि सांगावे की, इथून चाळीस मैलांवर याच नावाची एक नौका आहे आणि तिच्यात माणसे आहेत. मूल लगेच विचारेल, 'ती का बुडाली?' तेव्हा 'शत्रूने बुडवली' एवढे सांगून त्याचा हात धरून निघू नये. सोनार म्हणजे काय, वेग का कमी केला होता, कोणाचे कान तीक्ष्ण होते, हे जमेल तितके समजावून सांगावे. कप्तानाने आपले जीवरक्षक साधन कुणाला दिले, हेही सांगावे. दोन्ही गोष्टी सांगाव्यात, एक सांगून दुसरी गाळू नये. आपल्या मुलांपैकीच एखादा उद्या असल्या नौकेचा कान घडवणार आहे.